तुझ्या रॅमची माफी

सोलापूर,
१० मे

प्रिय नंद्या,

गेल्या महिन्यात फोनवर तू विचारलंस, "रॅम कशी चाललीय?" आणि मी म्हणालो, "एकदम मस्त." खोटं बोललो. त्या वेळी तुझ्या दोन्ही पट्ट्या कपाटात, बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात पडल्या होत्या आणि मनातल्या मनात मी तुझा उद्धार करत होतो. म्हटलं, बंगळुरात नवं मशिन बांधलं साहेबांनी आणि जुना कचरा मित्राच्या गळ्यात मारला. आता माझ्यावर माफी मागायची पाळी आलीय. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतोस आणि मग माझं राहून जातं. म्हणून हे पत्र.

डिसेंबरात आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाला तू आलास त्या रात्री आपण कॅबिनेट उघडून बसलो होतो, आठवतंय ना? माझ्या आठ-आठ जीबीच्या दोन, शेजारी तुझ्या दोन. बत्तीस जीबी दिसल्यावर मला केवढा आनंद झाला होता! मशिन तेच, २०२० सालच्या लॉकडाउननंतर तू व्हिडिओ कॉलवर ओरडत होतास आणि मी जोडत होतो ते. रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड. पाच वर्षं बिचाऱ्यानं तक्रार केली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

मार्चमध्ये खेळ सुरू झाला. आधी ब्राउझरचे टॅब आपोआप मरायला लागले. मग निळा पडदा. त्यावर एकदा लिहून आलं 'मेमरी मॅनेजमेंट', दुसऱ्या दिवशी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', तिसऱ्यांदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. दर वेळी नवं नाव. ड्रायव्हर बिघडला असेल तर मशिन बहुधा एकच रडगाणं गातं. रोज वेगळं कारण सांगणारा पोरगा शाळेत भेटला की कारण भलतंच असतं हे मला मास्तर म्हणून कळायला हवं होतं. नाही कळलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, एसएसडी तपासली, एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घेतला. शेवटी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सर, फॉरमॅट मारा." मारला. विंडोज अर्ध्यावर इन्स्टॉल होऊन थांबलं, म्हणे फाइल खराब आहे. दुसरा पेनड्राइव्ह घेतला, तरी तेच, फक्त या वेळी वेगळ्या टक्क्यावर. इन्स्टॉल करताना प्रत्येक फाइल रॅममधून उलगडत जाते, तिथेच एखादा बिट पालटला, शून्याचा एक झाला, की पेनड्राइव्ह कितीही नवा असो, फाइल खराबच निघणार. म्हणजे रॅम दुखत असताना फॉरमॅट मारणं हा उपाय तर नाहीच, उलट नव्या विंडोजमध्येही घाण कालवून ठेवणं झालं.

तरी विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी चालवली होती मी. वीस-पंचवीस मिनिटांत तिनं निर्वाळा दिला, दोष नाही. मला तेवढा पुरला.

मग तुझी पाळी आली. चारही पट्ट्या ३२०० वर पळवत होतो. पुढे वाचलं की या प्रोसेसरला एएमडीनं ३२०० हा वेग दोन पट्ट्यांसाठी सांगितलाय, एकेरी रँकच्या (चिपांचा एकच संच असलेल्या) चार असतील तर २९३३. वेग उतरवला. निळे पडदे कमी झाले, थांबले नाहीत. मग तुझ्या दोन काढल्या. पाच दिवस मशिन लोण्यासारखं चाललं. निकाल लागला, गुन्हेगार सापडला, डब्यात गेला. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आलीच नाही. त्या पाच दिवसांत इथे अवकाळी पाऊस होता, आभाळ भरलेलं, आणि आमची वरच्या मजल्यावरची खोली महिन्यात पहिल्यांदा गार झाली होती.

पाऊस गेला. दुपारी पारा पुन्हा चाळिशीच्या वर, स्लॅब तापलेला, आणि माझ्या स्वतःच्या दोन पट्ट्यांवर चालणारं मशिन पुन्हा निळं. तेव्हा कुठे मी ते केलं, जे मार्चच्या पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाकला. (फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्याच मिळतात, पण घरगुती कामाला त्या पुरतात.) यात विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासणीला मोकळी मिळते. प्रत्येक जागी ठरलेला नमुना लिहायचा, परत वाचायचा, उलटा लिहायचा, परत वाचायचा. एका चाचणीत तर लिहून पाच मिनिटं नुसतं थांबतात आणि मग अजून तसंच आहे का ते बघतात.

पहिल्यांदा रात्री लावलं, खिडक्या उघड्या ठेवून. तिसऱ्या फेरीपर्यंत शून्य एरर. चौथ्या फेरीत लाइट गेले, इन्व्हर्टर फक्त पंख्यांवर आहे. सकाळी मी मदरबोर्डाला शिव्या घालायच्या तयारीत होतो. पण वैशाली म्हणाली, "रात्री कधी बंद पडलाय का तुझा कॉम्प्युटर? दुपारीच पडतो ना?" बाईनं एका वाक्यात महिनाभराचं काम केलं.

रविवारी दुपारी दोन वाजता लावलं. पंखा बंद केला आणि कॅबिनेट बंद ठेवलं. पाऊण तासात लाल ओळी यायला लागल्या, आणि पहिली फेरी संपेपर्यंत चारशेवर गेल्या. प्रत्येक ओळीत काय अपेक्षित होतं आणि काय सापडलं ते देतात. बारकाईनं पाहिलं तर फरक दर वेळी एकाच बिटाचा आणि पत्ते (रॅममधल्या जागांचे क्रमांक) सगळे एकमेकांच्या शेजारचे. प्रोसेसर किंवा वेगाची कुरबुर असती तर एरर इतस्ततः विखुरलेले दिसण्याची शक्यता जास्त. हे एखादी चिप एका कोपऱ्यात झिजल्याचं लक्षण होतं.

उन्हाचा संबंध का, हे तुला मी सांगावं म्हणजे जरा अतीच, पण मला हे समजल्यावर इतकं बरं वाटलं की लिहिल्याशिवाय राहवत नाही. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर आणि तो सतत गळत असतो. म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. आमच्याकडची पाण्याची पाळी तुला ठाऊक आहेच. रांजण धड असेल तर पुढचं पाणी येईपर्यंत पुरतो, तळाला चीर असेल तर आदल्या दिवशीच खडखडाट. उष्णता वाढली की ही गळती वाढते. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर भरणं दुप्पट वेगानं करावं, असा नियमच आहे. आठ जीबीच्या एका पट्टीत असे ६८०० कोटींहून जास्त रांजण. त्यातले दोन-चार चिरलेले, हिवाळ्यात कसेबसे तग धरणारे आणि एप्रिलच्या दुपारी कोरडे. चार पट्ट्या एकमेकींना खेटून बसवल्यावर मधून वारा जाईना, म्हणून तुझ्या पट्ट्या आल्यानंतर त्रास वाढला. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी शेजारी गर्दी केली.

पुढचं काम सोपं होतं, पण सगळी सुट्टी खाल्ली त्यानं. एका वेळी एकच पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, तीही भर दुपारी. माझी पहिली स्वच्छ. माझी दुसरी लाल. तीच दुसरी उचलून चौथ्या स्लॉटमध्ये लावली, तिथेही लाल. पहिली तिच्या जागी लावली, स्वच्छ. दोष पट्टीबरोबर फिरतो की स्लॉटमध्येच बसून राहतो, एवढंच बघायचं असतं. स्लॉटमध्ये राहिला असता तर बोर्ड किंवा प्रोसेसरच्या पिना बघाव्या लागल्या असत्या, आणि ते ऑपरेशन माझ्या हातून झालं नसतं. एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं पळवायची सोय) बंद करून, २१३३ आणि १.२ व्होल्टवरही बघितलं. एरर फार थोडे आले, पण आले. म्हणजे जास्त पळवल्याचा बहाणा नाही, पट्टीच आजारी.

मध्ये एकदा मशिन सुरूच होईना. पडदा काळा, बोर्डावर रॅमचा दिवा पिवळा. पोटात गोळा आला. झालं होतं एवढंच की माझ्या बोर्डावर स्लॉटची खिट्टी एकाच बाजूला आहे आणि दुसऱ्या टोकाला पट्टी अर्धा मिलिमीटर वर राहिली होती. जोरात दाबली, कट्ट झालं, आणि जीव भांड्यात पडला. दुरुस्तीवाल्यानं खोडरबरानं पिना घासायला सांगितलं होतं तेही केलं, जपून आणि पांढऱ्या मऊ रबरानं. शाईच्या खरखरीत रबरानं सोन्याचा मुलामाच निघेल. चिरलेल्या रांजणाला बाहेरून घासून काय होणार म्हणा.

सगळ्यात शेवटी तुझ्या दोन्ही लावल्या. चार फेऱ्या, भर उन्हात. एकही एरर नाही. नंद्या, त्या डब्यातून काढताना मी त्या अक्षरशः धोतराच्या टोकानं पुसल्यागत पुसल्या.

गूगलच्या सर्व्हरवरच्या रॅमचा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये एकदा तरी चूक झालेली सापडली. गंमत म्हणजे त्यांना तापमानाचा परिणाम फारसा दिसला नव्हता. पण त्यांच्या सर्व्हरच्या खोलीत सोलापूरचा एप्रिल कुठून येणार? आणि लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सलाही हे चुकलं नाही. चुका दुरुस्त करणारी ईसीसी रॅम सगळ्यांना मिळायला हवी म्हणून २०२१ मध्ये तो चिडून लिहीत होता. २०२२ च्या ऑक्टोबरात त्याच्याच मशिनमधली साधी पट्टी बिघडली आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) बांधताना ते काम करणारा प्रोग्रॅम, कंपायलर, कुठेही कोसळायला लागला. त्याचाही संशय आधी कर्नलवर गेला होता. तेवढ्यानं माझी अब्रू थोडी वाचली असं मी वैशालीला सांगितलं, तिला पटलेलं दिसलं नाही.

माझ्या पट्टीला वॉरंटी आहे अजून, २०२० चं बिल बाबांच्या विम्याच्या फाइलमध्ये सापडलं. कंपनी म्हणते जोडी घेतली होती तर जोडीच परत पाठवा, म्हणून चांगलीलाही आजारीबरोबर कुरियरनं धाडलं. सध्या मी तुझ्या सोळा जीबीवर आहे. लिनक्समध्ये खराब पत्ता वगळून काम भागवता येतं म्हणे, पण आज दोन रांजण चिरलेत तर उद्या तिसरा चिरणार नाही कशावरून?

निळे पडदे मी विसरेन. खरी काळजी आहे ती पडदा निळा न होता झालेल्या नुकसानीची. वाचनालयाचे जुने दिवाळी अंक मी पानपान फोटो काढून साठवतोय ते तुला माहीत आहे. कॅमेऱ्याच्या कार्डावरून डिस्कवर जाताना प्रत्येक फोटो त्याच रॅममधून गेला. बॅकअपही तिथूनच, म्हणजे बिघडलेल्याची इमानदार नक्कल. जेपेगमध्ये एक बिट पालटला तर कधी काही दिसत नाही, कधी त्या जागेपासून खालचं अख्खं पान सरकतं, रंग बदलतो, राखाडी पट्टे येतात. तुझी रॅम लावल्यावर कार्डावरच्या आणि डिस्कवरच्या फाइलींचे शा-२५६ (फाइलीवरून मोजलेला ठसा, एक बिट बदलला तरी वेगळा येतो) काढून ताडले (आजारी मशिनवर ही मोजणी करून उपयोग नव्हता, मोजणारच खोटा). सहा हजारांवर फोटो, त्यातले एकोणीस जुळले नाहीत. अठरा कार्डावरून पुन्हा घेतले. एका कार्डावर मी आधीच नवे फोटो काढले होते, त्यामुळे एक पान परत वाचनालयात जाऊन काढावं लागेल. एकोणीस म्हणजे नशीब थोर.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात आप्पांच्या कार्यक्रमाचे फोटो तुझ्या मोबाइलवरून माझ्या मशिनवर उतरवले, तिथून तुझ्या पेनड्राइव्हवर दिले, आणि "आता मोबाइल रिकामा कर" असं मीच तुला सांगितलं. तेव्हा थंडी होती, बहुतेक सगळे शाबूत असतील. पण ती पट्टी तेव्हाही तिथेच बसलेली होती. तू नेहमीप्रमाणे आळस केला असशील आणि मोबाइलमधले पुसले नसतील, अशी माझी मनापासून प्रार्थना आहे. पुसू नकोस. सोबत माझ्याकडच्या फाइलींची शा-२५६ ची यादी पाठवतोय. तुझ्याकडे मोबाइलवरच्या मूळ फोटोंची तशीच यादी काढ आणि ओळ न् ओळ ताडून बघ. आप्पांना ओवाळतानाचे आणि आईंबरोबर झोपाळ्यावर बसलेले आधी बघ. जे जुळणार नाहीत त्यांची नावं कळव. आणि मोबाइल रिकामा केलाच असशील, तर त्यावर नवीन काही काढू नकोस, मला ताबडतोब फोन कर. तोवर आप्पांना काही सांगू नकोस.

तुझा,
पश्या

ता. क. नवी जोडी आली की तुझ्या पट्ट्या परत करणार नाहीये.