भंगारात पीसी द्या, पण हार्ड डिस्क काढून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी एका कॉलेजात 22 वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळली, आता रिटायर आहे. परवा भाच्यानं जुन्या बाजारातून 400 रुपयाला एक हार्ड डिस्क आणली, लावली तर रिकामी, फॉरमॅट मारलेली, पण त्यानं सहज एक फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं आणि तासाभरात फाइली यायला लागल्या. कुठल्यातरी शाळेचे प्रवेश अर्ज, मुलींचे फोटो, आधारकार्डं, जातीचे दाखले, पालकांच्या पासबुकाचं पहिलं पान. मला घामच फुटला, कारण असेच पीसी मीही निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून कमी करून भंगारात विकायला काढलेत.

होतं काय, डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) 'सीपीयू 40 नग' लिहितात, कमिटीच्या सह्या होतात, भंगारवाला टेम्पो घेऊन येतो, आतल्या डिस्कचा विषयच निघत नाही. फार तर कोणी क्विक फॉरमॅट मारतं, पण त्यानं फक्त फाइलींची यादी पुसते, हजेरीपटावरून नाव खोडलं तरी पोरगं वर्गात बसलेलंच असतं.

मग करायचं काय? चालू डिस्कवर डिस्क पुसायच्या सॉफ्टवेअरनं पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य लिहून काढायचे, 500 जीबीला दीड-दोन तास जातात, रात्री लावून ठेवा. बंद पडलेली असेल तर खोला, चांदणीसारखे स्क्रू असतात, आत आरशासारख्या चकत्या निघतात त्या मोडा. लॅपटॉपच्या डिस्कमधली चकती बहुतेक काचेची असते, तुकडे उडतात, गॉगल लावूनच फोडा. एसएसडीला (चकतीऐवजी चिपा असलेली डिस्क) चुंबकानं काही होत नाही, तिला सिक्युअर इरेज (सगळं पुसायची तिच्यातलीच कमांड) द्या नाहीतर चिपांचा चुरा करा. आणि भाड्याच्या झेरॉक्स मशीनमध्येही बऱ्याचदा डिस्क असते बरं का, परत देताना कोणी विचारत नाही.

मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन बँकेनं जुन्या डिस्क नष्ट करायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं, त्यातल्या काही ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात विकल्या गेल्या, 2022 मध्ये अमेरिकेत साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. आपल्याकडेही 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्यास 250 कोटींपर्यंत दंड आहे.

शिक्षण खात्याला एवढीच विनंती, निर्लेखनाच्या फॉर्मात एक रकाना वाढवा, डिस्कचा सीरियल नंबर, कशी नष्ट केली, कोणासमोर. त्याशिवाय लिलावाला मंजुरी देऊ नका.

ती डिस्क सध्या माझ्या कपाटात आहे. शाळेचं नाव फाइलींत दिसतंय, सोमवारी मुख्याध्यापकांच्या हातात नेऊन देणार आहे.

एक निवृत्त लॅब असिस्टंट, सातारा