पटल घडताना मोजता येते

मा. संपादक,
पेशीपटल ‘आपोआप तयार होते’ एवढेच सांगून पाठ्यपुस्तके थांबतात. ते घडताना मोजता येते, हे विद्यार्थ्यांपर्यंत पोचायलाच हवे. केलर आणि कासेमो या संशोधकांनी १९९८ मध्ये ते क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाखवले. ५ मेगाहर्ट्झने कंपणाऱ्या, सिलिकाचा थर दिलेल्या स्फटिकावरून लिपिडच्या (पटल ज्याचे बनते त्या स्निग्ध पदार्थाच्या) सूक्ष्म पुटिकांचे, म्हणजे पाण्याने भरलेल्या पोकळ गोळ्यांचे, द्रावण सोडतात. पुटिका पोटातल्या पाण्यासकट चिकटतात, स्फटिकावरचे वजन वाढते, म्हणून त्याच्या कंपनाची वारंवारता आधी खूप घसरते. पुरेशी दाटी झाली की त्या फुटून पसरतात, पाणी सुटते आणि वारंवारता थोडी वर येऊन मूळ पातळीच्या साधारण २६ हर्ट्झ खाली स्थिरावते. मात्र नुसत्या या आकड्यावर विसंबू नये. ऊर्जाक्षयही (चिकटलेल्या थरामुळे कंपनाची ऊर्जा किती वाया जाते तो आकडा) जवळपास शून्यावर आला, तरच अखंड द्विस्तर, म्हणजे पटलासारखा लिपिडचा दुपदरी थर, झाला असे मानावे. सोन्यावर पुटिका न फुटता तशाच बसून राहतात, अस्वच्छ सिलिकावरही बिघडते ते इथेच. म्हणून स्फटिक स्वच्छ करायला आधी एसडीएस या अपमार्जकाचे (डिटर्जंटचे) द्रावण, मग भरपूर शुद्ध पाणी, शेवटी अतिनील किरण आणि ओझोन. डीपीपीसी हे लिपिड वापरायचे तर तापमान ४१ अंश सेल्सियसच्या वर हवे. द्रावणातली हवा आधी काढावी; एक बुडबुडा सगळा आलेख बिघडवतो.

– जीवभौतिकीचे एक अध्यापक, पुणे