अ‍ॅबरगव्हेनी सोडताना

प्रिय बापू,

फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. घरमालक घर विकतोय. सहा महिन्यांची नोटीस हातात पडली. १ डिसेंबर २०२२पासून वेल्समध्ये कायदाच आहे, नव्या भाडेकरूला एवढी मुदत द्यावी लागते. मालक वाईट नाही रे, थकलाय, भाव चांगला येतोय, विकून मोकळा होतोय. पण अ‍ॅबरगव्हेनी सोडायचं म्हटलं की पोटात कालवतं.

तू विचारलंस, एवढ्याशा गावात घरं इतकी महाग कशी? याचं मूळ एका पुलात आहे. इंग्लंडहून सेव्हर्न नदी ओलांडून वेल्समध्ये शिरताना टोल लागायचा. फक्त येताना, जाताना नाही. १७ डिसेंबर २०१८ला तो बंद झाला. आम्ही सगळे खूश झालो. पण नदीपलीकडच्या, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ज्यांना घर परवडत नव्हतं, तेही पुलाच्या या बाजूला बघायला लागले. मग कोरोनात घरूनच काम सुरू झालं. तीन बाजूंना शुगर लोफ, स्किरिड, ब्लोरेंज हे डोंगर, खाली अस्क नदी, गावात रेल्वे स्टेशन. कोणाला इथं राहावंसं वाटणार नाही? येणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांनाही पोरांसाठी अंगणच हवंय. पण आमचा मॉनमथशायर परगणा घरांच्या बाबतीत वेल्समध्ये सगळ्यात महाग, सरासरी घर साडेतीन लाख पौंडांच्या आसपास.

आमच्या गल्लीसारखं भिंतीला भिंत लागून असलेलं तीन लाखांचं घर धरलं, तरी डिपॉझिट वेगळं, वकील वेगळा आणि वर सरकारी कर. इथं सव्वादोन लाखांपर्यंत कर नाही, वरच्या पाऊण लाखावर सहा टक्के, म्हणजे साडेचार हजार. इंग्लंडमध्ये पहिलं घर घेणाऱ्याला जी वेगळी सूट मिळते, ती इथं नाही. रुग्णालयातल्या पगारात हे गणित आम्ही दोघांनी कितीतरी रात्री मांडलं. जमत नाही.

मंगळवारचा बाजार मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. हिरव्या मनोऱ्याची मंडई, आत ब्रेड, चीज, रोपं, जुने कपडे, आणि लोखंडी तव्यावर भाजलेले बेदाण्यांचे वेल्श केक. रात्रपाळी संपवून मी थेट तिकडेच जातो. चीजच्या गाळ्यावरच्या बाई मला बघितलं की माझ्या धाकट्या मुलाची चौकशी करतात आणि चीजचा तुकडा कागदात गुंडाळून त्याच्यासाठी देतात. परवा त्यांना नोटिशीचं सांगितलं, तर म्हणाल्या, ‘माझा मुलगाही इथं राहू शकला नाही.’ त्यांच्या तीन पिढ्या याच गावात गेल्या, बापू.

पूर्वी मंगळवारी गावात गुरांचा बाजारही भरायचा, आपल्या सांगोल्यासारखा. डिसेंबर २०१३मध्ये तो बंद झाला. आता त्या जागी मोठं सुपरमार्केट आहे, आणि शेतकरी मेंढरं घेऊन रॅगलनच्या बाजूला जातात. मी आलो तेव्हा तो बाजार नव्हताच, तरी म्हातारी माणसं अजून लिलावाच्या हाळ्यांबद्दल बोलतात. बाजाराने गाव वसवलं, आणि आज बाजारात उभं राहणाऱ्यालाच गावात घर मिळत नाही, हे मला फार लागतं.

आम्ही ब्रिनमावरला घर बघितलंय. नावाचा अर्थ ‘मोठी टेकडी’. डोंगराच्या घळीतून गाडीने वर गेलं की वीसेक मिनिटांत येतं, पण परगणा बदलतो आणि किंमत निम्म्याहून खाली येते. कर शून्य. कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख आहे तो. जवळच्या एब्ब व्हेलचा पोलाद कारखाना २००२ साली बंद पडला. ज्याने १९४८ साली इथली सरकारी आरोग्यसेवा उभी केली, तो अन्युरिन बेव्हन याच भागातला, शेजारच्या ट्रेडिगरचा. त्याच सेवेत मी नोकरी करतो, म्हणून त्या भागाबद्दल मनात आपोआप आदर आहे. वारा मात्र सोसाट्याचा. घर बघायला गेलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी न विचारता सांगितलं, मागच्या दाराला आतून जाड पडदा लावा.

धाकट्याची शाळा बदलेल, त्याची काळजी आहे. मंगळवारी बाजाराला खाली येत जाऊ, असं त्याला कबूल केलंय.

आईला अजून काही बोललो नाही. तू घरी गेलास तर तिला एवढंच सांग, की स्वतःचं घर होतंय. गाव बदलतंय ते मी सांगेन.

तुझाच,
दिनू