निविदेआधी शिवार पाहा : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : राज्य मार्ग व जिल्हा मार्गांच्या रुंदीकरणापूर्वी पर्यावरणीय परिणामांची तपासणी सक्तीची करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सोलापुरात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. मोहोळ तालुक्यात एका जिल्हा मार्गाला लागून आमची वडिलोपार्जित चार एकर काळी जमीन आहे. काही वर्षांपूर्वी या मार्गाचे रुंदीकरण आणि मजबुतीकरण झाले. रस्ता चांगला झाला, हे मी आधीच नोंदवतो. पूर्वी भर पावसात दुधाची गाडी गावात येत नसे आणि आजारी माणसाला बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून फाट्यापर्यंत न्यावे लागे. आता रुग्णवाहिका दारापर्यंत येते. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावणाऱ्या आमच्या जिल्ह्यात रुंद आणि भक्कम रस्ते हवेतच. माझे म्हणणे आहे ते रस्ता कसा आखला जातो आणि त्याआधी काय पाहिले जात नाही, याविषयी.

आमच्या शेताच्या खालच्या अंगाला एक ओढा रस्ता ओलांडतो. त्यावर तीन गाळ्यांची जुनी दगडी मोरी होती. नव्या कामात रस्ता सुमारे मीटरभर उंच झाला आणि त्या मोरीच्या जागी सिमेंटच्या दोन नळांची मोरी आली. पहिल्याच परतीच्या पावसात बाभळीच्या फांद्या, उसाचे पाचट आणि प्लॅस्टिक त्या नळांच्या तोंडाशी अडकले आणि रस्त्याचा भराव बंधाऱ्यासारखा उभा राहिला. मी सकाळी जाऊन पाहिले, तेव्हा रस्त्याच्या वरच्या बाजूला गुडघ्याच्या वर पाणी होते आणि खालच्या बाजूला ओढ्याचे पात्र जवळजवळ कोरडे होते. पाणी उतरायला नऊ दिवस लागले. काळ्या जमिनीत नऊ दिवस पाणी उभे राहिले की वाफसा यायला, म्हणजे जमीन पेरणीजोगी व्हायला, पुढे तीन आठवडे जातात. हस्तात पेरायची ज्वारी त्या वर्षी पेरताच आली नाही. बांधालगतच्या चार शेतकऱ्यांचेही तेच झाले. खालच्या बाजूच्या दोन विहिरींना ओढ्याचा पाझर मिळायचा, त्या पुढच्या उन्हाळ्यात लवकर आटल्या. सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एकाच मोरीने वरच्याला बुडवले आणि खालच्याला कोरडे ठेवले.

मी चौकशीला गेलो, तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी मला सौजन्याने कागद दाखवले. मोरीची लांबी आणि नळांचा व्यास अंदाजपत्रकाप्रमाणे बरोबर होता आणि काम मोजमाप पुस्तिकेत नोंदलेले होते. मात्र ओढ्याचे पाणलोट क्षेत्र किती, पूर्वी पुराचे पाणी कुठवर चढले होते, आजूबाजूचा माणूस काय सांगतो, याचा एकही कागद त्या फाइलमध्ये नव्हता. मी पर्यावरणीय अहवालाविषयी विचारले, तर असा अहवाल या कामाला लागतच नाही, असे उत्तर मिळाले. ते उत्तर नियमाला धरून होते. हे पत्र लिहावेसे वाटले ते त्या उत्तरामुळे.

केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत महामार्गांचा समावेश आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या रुंदीकरणासाठी तिथे मूळ मर्यादा ३० किलोमीटर लांबीची आणि २० मीटर जादा रुंदीची होती. २०१३ मध्ये ती वाढवून १०० किलोमीटर लांबी आणि जुन्या मार्गावर ४० मीटर, तर वळण-मार्गावर ६० मीटर जादा रुंदी अशी करण्यात आली. त्याच्या आतले काम पर्यावरणीय पूर्वपरवानगीविना होते. राज्य मार्गाच्या रुंदीकरणाला ही परवानगी लागते ती समुद्रसपाटीपासून १००० मीटरहून उंच डोंगराळ मुलखात किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात. सोलापूर त्या उंचीच्या निम्म्याच्या आसपास आहे. आणि प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग यांचा तर त्या यादीत उल्लेखही नाही. म्हणजे पठारावरच्या आमच्या जिल्ह्यात ज्या रस्त्यांवर सर्वाधिक लोकांचे रोजचे जगणे चालते, त्यांच्या रुंदीकरणाचा पाण्यावर, झाडांवर, मातीवर परिणाम होतो की नाही, हे पाहण्याची सक्ती कुणावरच नाही. डोंगराला उतार असतो म्हणून तिथे धोका लगेच दिसतो. सपाट प्रदेशात पाणी हळू सरकते आणि म्हणूनच मीटरभर उंचीचा भरावही त्याची वाट बदलतो. ही गोष्ट आमच्याकडचा कोणताही शेतकरी सांगेल.

आपल्याच राज्यातला एक अनुभव इथे मांडतो. २०२० मध्ये आशियाई विकास बँकेच्या कर्जातून सात जिल्ह्यांतील सुमारे ४५० किलोमीटरचे राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सुधारण्याचा करार झाला. त्या बँकेच्या नियमांप्रमाणे अशा कामांची प्राथमिक पर्यावरणीय तपासणी करावी लागते, लोकांशी बोलावे लागते आणि पर्यावरण व्यवस्थापन आराखडा कंत्राटाचा भाग करावा लागतो. याच विभागाचे अभियंते, याच राज्यातले कंत्राटदार आणि याच दर्जाचे रस्ते असताना, पैसा बाहेरच्या बँकेचा असेल तर तपासणी होते आणि पैसा आपल्या तिजोरीतला असेल तर होत नाही, हे मला कोणत्याही तर्काने पटत नाही. तांत्रिक तयारी नाही, असेही म्हणता येणार नाही. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेने महामार्ग प्रकल्पांच्या पर्यावरणीय मूल्यांकनासाठी मार्गदर्शक सूचना १९८८ मध्येच काढल्या आहेत.

झाडांविषयी थोडे सविस्तर लिहितो. रुंदीकरणापूर्वी आमच्या रस्त्यावर माणसे आली आणि त्यांनी खोडांवर पांढरे पट्टे मारून तांबड्या रंगात आकडे घातले. माझ्या बांधासमोरच्या चिंचेवर ११७ हा आकडा होता. माझे वडील तिला त्यांच्या लहानपणीही एवढीच मोठी असल्याचे सांगत. पंढरीच्या वाटेवर निघालेली एक लहान दिंडी दर आषाढात तिच्याखाली दुपारचा विसावा घेत असे. ती तोडायला पूर्ण दिवसही लागला नाही. दिंडी आता पत्र्याच्या निवाऱ्यात थांबते आणि उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली म्हातारी माणसे किती वेळ बसू शकतात, ते मी पाहिले आहे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये नागरी क्षेत्रांतील झाडांच्या कायद्यात चांगली दुरुस्ती केली. पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. पण तो कायदा नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या हद्दीपुरता आहे. तीच चिंच मोहोळ शहराच्या हद्दीत असती तर ती वारसा ठरली असती. चार किलोमीटर अलीकडे ती खोडावरचा एक आकडा होती. इच्छा असेल तर रस्ता वळवता येतो, हेही याच पट्ट्याने पाहिले आहे. २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात जाणार होता. लोकांनी आवाज उठवला, आखणी बदलली आणि वड तेव्हा वाचला. तोच महामार्ग पुढे सांगोला, मंगळवेढा आणि सोलापूरवरून जातो. पण प्रत्येक झाडासाठी आंदोलन उभे राहू शकत नाही. आखणी कागदावर असतानाच झाड दिसले, तर आंदोलनाची वेळच येणार नाही.

नव्या लागवडीबद्दल एवढेच म्हणतो की, आमच्या उन्हात पहिल्या वर्षी टँकरने पाणी घालून जगवलेले रोप दुसऱ्या एप्रिलात वाळते. तीन उन्हाळे पाणी देण्याची जबाबदारी कंत्राटात असली पाहिजे आणि रोपे कडुलिंब, वड, चिंच, करंज अशी इथल्या मातीतली असली पाहिजेत. देयक लावलेल्या झाडांवर न देता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभ्या असलेल्या झाडांवर द्यावे.

आता मुरुमाचा प्रश्न. रस्ता बारा मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर उंच करायचा झाला, तर एका किलोमीटरला बारा हजार घनमीटर भराव लागतो, म्हणजे दहा घनमीटरच्या टिपरच्या बाराशे खेपा. वीस किलोमीटरच्या कामाला चोवीस हजार खेपा होतात. हा मुरूम कुठून येतो, हे गावात सर्वांना ठाऊक असते : गायरानातून, माळावरून, तलावाच्या काठावरून. मार्च २०२० मध्ये केंद्राने रस्त्यांसारख्या रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढण्याला पर्यावरणीय परवानगीतून सूट दिली होती. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण किती माती काढायची, किती क्षेत्रातून काढायची, यावर त्या सूटपत्रात कोणतीच मर्यादा नव्हती. न्यायालयाने दाखवलेली ही उणीव आमच्या शिवारात डोळ्यांना दिसते. काम संपल्यावर उघडे राहिलेले खोल खड्डे पावसाळ्यात भरतात आणि जनावरे व मुले त्यात पडण्याची भीती वर्षानुवर्षे राहते. हेच खड्डे गावाला विचारून, योग्य उतारावर आणि योग्य खोलीचे घेतले, तर त्यांची शेततळी होऊ शकतात. त्यासाठी कामाच्या आधी कुणीतरी नकाशावर बोट ठेवायला हवे.

महसुली दप्तरात माळ हा पडीक किंवा पोटखराब म्हणून नोंदलेला असतो आणि म्हणून सर्वांना तो मोकळा वाटतो. सोलापूरच्या माळाला ते नाव शोभत नाही. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजच्या परिसरात माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र २०१२ मध्ये सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. माळढोक आता क्वचितच दिसतो, पण काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे त्या गवतावर अजून आहेत आणि अभयारण्याची रेषा त्यांना माहीत नाही. रस्ता गुळगुळीत झाला की रात्रीच्या गाड्यांचा वेग वाढतो. सकाळी डांबरावर पडलेले खोकड मी स्वतः उचलून बाजूला ठेवले आहे. रेषीय प्रकल्पांचा वन्यजीवांवरील परिणाम कमी कसा करावा, याची पुस्तिका भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ मध्ये दिली आहे आणि समृद्धी महामार्गावर आपल्याच राज्याने प्राण्यांसाठी वरून व खालून जाणारे मार्ग बांधले आहेत. बार्शी किंवा करमाळ्याकडच्या दुपदरी रस्त्याला तेवढा खर्च लागणार नाही. ओढ्यावरची मोरी थोडी उंच व रुंद केली आणि तिच्या कडेला कोरडी वाट ठेवली, तर पाणी आणि प्राणी दोघेही तिथूनच जातील.

सोलापूर शहर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा सुधारायची गरज असलेल्या शहरांच्या, यादीत आहे. तरी शहरात येणाऱ्या रस्त्यांची कामे चालू असताना खडी क्रशर आणि वळणरस्त्यांची धूळ किती उडावी, पाणी दिवसातून किती वेळा मारावे, हे कुणी तपासत नाही. सांगोल्याच्या बाजूला डाळिंबाच्या कळीवर महिनोन् महिने बसणाऱ्या धुळीचा हिशेबही कुठल्या अंदाजपत्रकात येत नाही.

महोदय, माझी विनंती केंद्राच्या अधिसूचनेत बदल करण्याची नाही, कारण तो आपल्या अखत्यारीत नाही. पण राज्याच्या पैशातून होणाऱ्या कामांना कोणती अट घालायची, हे आपला विभाग ठरवतो आणि त्याला एक शासन निर्णय पुरेसा आहे. पाच किलोमीटरहून अधिक लांबीच्या प्रत्येक राज्य व जिल्हा मार्गाच्या रुंदीकरणाआधी, निविदा काढण्यापूर्वी, छोटा पण खरा परिणाम अहवाल सक्तीचा करावा. त्यात सर्वप्रथम पाणी असावे : प्रत्येक ओढ्याचे पाणलोट, पुराची जुनी खूण आणि मोरीचा हिशेब. त्यानंतर झाडांची वयासह यादी, मुरुमाच्या खाणींच्या जागा आणि त्या बुजवण्याची किंवा शेततळी करण्याची योजना यावी. अहवाल मराठीत असावा, ग्रामपंचायतीच्या फलकावर किमान तीस दिवस लागावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. अभियंत्याने एकदा पावसाळ्यात शिवार फिरून पाहिल्याशिवाय मोऱ्यांचे संकल्पचित्र मंजूर होऊ नये. याने कामे रखडतील, असा आक्षेप मी ऐकला आहे. भूसंपादन, वीज खांब हलवणे आणि जलवाहिन्या सरकवणे यांत जे महिने आताही जातात, त्याच महिन्यांत ही पाहणी होऊ शकते.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला आलेला पूर आपण जाणताच. माढा, मोहोळ, करमाळा भागांतली गावे पाण्याखाली गेली आणि सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूकही थांबवावी लागली. तेवढ्या पुराला एखादी मोरी जबाबदार नसते. पण पाणी कुठे चढले आणि कोणत्या भरावाशी थांबले, याच्या खुणा गावोगावच्या भिंतींवर आणि झाडांच्या खोडांवर राहिल्या आहेत. पुढच्या रंगकामात त्या पुसल्या जातील. ज्या रस्त्यांची अंदाजपत्रके आता तयार होत आहेत, त्यांच्यासाठी या खुणांची मोजणी याच वर्षी करून घ्यावी, ही माझी सर्वांत तातडीची विनंती आहे. आमच्या ओढ्यावरच्या पाण्याच्या चार वर्षांच्या नोंदी, तारखांसह छायाचित्रे आणि जुन्या मोरीची मापे माझ्या वहीत आहेत. आपल्या विभागाचे कुणी आल्यास ती वही देऊन शिवार दाखवायला मी स्वतः बरोबर येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी,
सोलापूर