तक्रार: टोकियो डिस्नेच्या दिवसाचं तिकीट, हॉटेल, प्लॅन सगळंच चुकलंय, ताबडतोब दुरुस्त करा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मे 2026 च्या जपान फॅमिली पॅकेजमधल्या थीम पार्कच्या प्लॅनिंगबद्दल तक्रार

सर / मॅडम,

तुमच्याकडे आम्ही मे महिन्यातलं जपानचं फॅमिली पॅकेज बुक केलंय आणि त्यातला आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा दिवस म्हणजे टोकियो डिस्नेचा. बाकीच्या ठिकाणी थोडं इकडंतिकडं झालं तर आम्ही समजून घेऊ, पण हा एक दिवस मुलांना कबूल केलेला आहे आणि नेमका त्याच दिवसाचा तुम्ही बट्ट्याबोळ केलाय. फोन केला की दर वेळी नवीन माणूस, परत पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची, तो "चेक करून कळवतो" म्हणणार आणि पुढे काहीच नाही, म्हणून आता सगळं लेखी देतेय. अजून फेब्रुवारीच चालू आहे, ट्रिपला वेळ आहे, म्हणजे मनावर घेतलंत तर यातलं जवळपास सगळं दुरुस्त होऊ शकतं.

पहिली गोष्ट तिकिटाची. बुकिंगच्या वेळी मी स्पष्ट सांगितलं होतं की आम्हाला डिस्नेसी पार्क हवंय, कारण माझ्या मुलीला फ्रोझनच्या राईडमध्ये, त्या एल्साच्या बोटीत बसायचंय, आणि ती राईड डिस्नेसीमधल्या फँटसी स्प्रिंग्जमध्ये आहे, जो भाग 6 जून 2024 ला सुरू झाला. टोकियोत डिस्नेची दोन पार्क आहेत, डिस्नेलँड 1983 पासूनचं आणि डिस्नेसी 2001 पासूनचं, दोन्हीची गेट वेगळी आणि एका पार्कचं एक दिवसाचं तिकीट दुसऱ्यात चालत नाही. तुम्ही पाठवलेल्या व्हाऊचरवर लिहिलंय टोकियो डिस्नेलँड. हे तुमच्या एक्झिक्युटिव्हला दाखवलं तर ते म्हणाले, मॅडम डिस्ने म्हणजे डिस्नेच, आत गेल्यावर सगळं एकच आहे. नाही हो, एकच नाहीये! सहा वर्षांच्या पोरीला गेटवर उभं करून मी काय सांगणार की एल्सा शेजारच्या पार्कमध्ये आहे आणि आपण तिकडं जाऊ शकत नाही?

आणि त्या व्हाऊचरचीच मला आता शंका यायला लागलीये. जानेवारीत तुम्ही "टिकेट्स कन्फर्म्ड" असा मेल टाकून आमच्याकडून पूर्ण पैसे घेतलेत. पण पार्कच्या स्वतःच्या साइटवर तिकिटांची विक्री त्या तारखेच्या दोन महिने आधी सुरू होते, म्हणजे 4 मे चं तिकीट 4 मार्चला उघडणार. मग जानेवारीत कन्फर्म काय झालं होतं? त्या कागदावर क्यूआर कोड नाही, तिकीट नंबर नाही, नुसतं तुमच्या कंपनीचं नाव आणि आमची नावं. तिकीट काढलेलंच नसेल तर तसं सरळ सांगा, उलट माझ्या दृष्टीनं ते बरंच आहे कारण मग योग्य पार्कचं आणि योग्य तारखेचं काढता येईल. पण जे झालेलं नाही ते झालं म्हणून पैसे घ्यायचे हे मला अजिबात पटलेलं नाही.

आता तारीख. 4 मे ही तारीख तुम्ही सुचवलीत, आम्ही नाही. मी मुद्दाम विचारलं होतं की त्या दिवसांत गर्दी किती असते, तर उत्तर मिळालं की मे म्हणजे ऑफ सीझन. जपानमध्ये त्याच दिवसांत गोल्डन वीक असतो, 3, 4 आणि 5 मे ला लागोपाठ सुट्ट्या असतात आणि 5 मे तर त्यांचा मुलांचा दिवस, अख्खा देश पोराबाळांना घेऊन बाहेर पडतो. यंदा 3 मे रविवारी येतोय म्हणून 6 मे ला बदली सुट्टी पण आहे. तिकिटाचे दर पण तिथे तारखेप्रमाणे बदलतात, मोठ्या माणसाला 7,900 पासून 10,900 येनपर्यंत, आणि महागातले दर अशाच दिवसांना लागतात. म्हणजे जास्त पैसे देऊन सगळ्यात जास्त गर्दीत जायचं आणि तेही तीन वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारी आजी सोबत असताना. आमची परतीची फ्लाइट 10 मे ला आहे, 7 आणि 8 मे हे साधे कामाचे दिवस तुमच्याच प्लॅनमध्ये "फ्री डे" म्हणून मोकळे पडलेत! हे बघायला कोणाला पाच मिनिटं मिळाली नाहीत?

हॉटेलचं वाचून तर मी हतबलच झाले. प्लॅनमध्ये लिहिलंय "हॉटेल डिस्नेजवळ, चिबा". डिस्ने चिबा प्रांतात आहे हे खरं आहे, उरायासू शहरात, अगदी टोकियोला लागून. पण नारिता विमानतळ पण चिबातच येतो आणि तुम्ही दिलेलं हॉटेल नारिताला आहे! मी मॅपवर टाकून बघितलं, ट्रेननं जायचं तर आधी तासभर टोकियो स्टेशनपर्यंत, मग तिथून केयो लाइन पकडायची, आणि त्या स्टेशनात केयो लाइनचे प्लॅटफॉर्म बाकीच्या लाइन्सपासून इतके लांब आहेत की जमिनीखालून दहा मिनिटं तरी चालावं लागतं, मग पंधरा-एक मिनिटांनी पार्कजवळचं माइहामा स्टेशन येतं. सकाळी हे एकवेळ जमेल. पण पार्क रात्री 9 ला बंद होतं, पोरं दमून खांद्यावर झोपलेली, एका हातात स्ट्रोलर, दुसऱ्या हाताला सासूबाई, आणि हे सगळं उलट्या दिशेनं परत करायचं. सासूबाईंनी बुकिंगच्या आधी एकच विचारलं होतं की मला फार चालायला लागणार नाही ना, आणि तुमच्या माणसाच्या भरवशावर मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. माइहामाच्या पुढचंच स्टेशन शिन-उरायासू आहे, तिथे हॉटेलं आहेत, किंवा टोकियोत हाच्चोबोरी म्हणजे केयो लाइनवरचंच स्टेशन, तिथून गाडी न बदलता थेट जाता येतं. हे मी घरात बसून शोधू शकते तर ज्यांचा रोजचा धंदा हा आहे त्यांना का सापडू नये.

मुलांच्या बाबतीतलं मला सगळ्यात जास्त लागलंय. तुम्ही फॉर्म भरून घेतला होता, त्यात मुलांचं वय, जन्मतारीख, उंची सगळं विचारलं होतं, आणि मला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं की चला, हे लोक नीट विचार करतात. मुलीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी केली, ती सारखी टाचा उचलत होती कारण तिला मोठ्या राईडमध्ये बसायचं होतं, टाचा टेकवून डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून पेन्सिलनं रेघ मारली आणि टेपनं मोजलं, 112 सेंटीमीटर. तोच आकडा फॉर्ममध्ये लिहिला. आणि तुमच्या प्लॅनमध्ये तिच्यासाठी जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ आणि इंडियाना जोन्स! दोन्ही राईडला कमीत कमी 117 सेंटीमीटर लागतात. लाइनच्या तोंडाशीच उंची मोजतात आणि एक सेंटीमीटर कमी असलं तरी परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे. पण ती आत्तापासून त्या राईडची नावं घेत फिरतेय कारण तुमचा प्लॅन मी तिला वाचून दाखवला होता. आता तिची समजूत मी घालतेय.

मुलगा तीन वर्षांचा आहे, त्याला चार ऑगस्टमध्ये पूर्ण होतील. तिथे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीटच लागत नाही, मुलांचं तिकीट 4 ते 11 वयाला. तुम्ही त्याचं तिकीट लावून पैसे घेतलेत, जन्मतारीख समोर असताना.

आणि तो प्लॅन खरंच कोणी आमच्यासाठी बनवलाय का? सकाळी 10 ला स्पेस माउंटन लिहिलंय, जी डिस्नेलँडमध्ये होती आणि 31 जुलै 2024 ला कायमची बंद झाली, नवीन बांधतायत ती 2027 मध्ये येणार आहे. 12 ला फ्रोझन, म्हणजे दुसरं पार्क. खाली "फास्टपास समाविष्ट", तर लाइनीत कमी थांबायचा तो फास्टपास 2020 मध्ये पार्क कोविडमुळे बंद होऊन परत उघडलं तेव्हापासून नाहीच, आता गर्दीच्या राईडसाठी प्रीमिअर ॲक्सेस असतो, तो पार्कमध्ये शिरल्यावर त्यांच्या ॲपवरून माणशी आणि राईडप्रमाणे वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. मग आमच्या बिलात फास्टपासचे म्हणून जे पैसे लावलेत ते कसले? चौथ्या पानावर तर "कपलसाठी रोमँटिक डिनर" असं आहे. आम्ही पाच जणं आहोत, त्यात एक आजी आणि दोन लहान मुलं! कुठल्यातरी हनिमूनवाल्यांची जुनी फाईल उचलून नावं बदलून आम्हाला पाठवली हे सरळ दिसतंय आणि "खास तुमच्या कुटुंबासाठी" या नावाखाली प्लॅनिंगचा वेगळा चार्ज घेतलाय.

यावर तुमच्याकडून उत्तर काय, तर पॅकेज नॉन रिफंडेबल आहे, टर्म्स वाचा. मी पूर्ण पॅकेजचे पैसे परत मागतच नाहीये. आम्हाला जायचंय. मुलं जायची वाट बघतायत, सासूबाईंनी पहिल्यांदा पासपोर्ट काढलाय. जे कबूल केलं होतं ते द्या एवढंच म्हणणं आहे.

तर मला हे हवंय. पार्कचा दिवस 7 मे करा, तो नाही जमला तर 8 मे, आणि तिकीट डिस्नेसीचंच, 7 मे ची विक्री 7 मार्चला उघडेल तेव्हा त्याच दिवशी काढून क्यूआर कोडवालं खरं तिकीट मला मेल करा. पार्कच्या आदल्या रात्रीपासून दोन रात्रींचं हॉटेल माइहामा, शिन-उरायासू किंवा केयो लाइनवरच्या दुसऱ्या कुठल्या स्टेशनजवळ द्या, चुकीचं हॉटेल तुम्ही निवडलंय त्यामुळे दरातला फरक आमच्याकडून मागू नका. मुलाच्या तिकिटाचे, फास्टपासचे आणि प्लॅनिंग चार्जचे पैसे परत करा. आणि नवीन प्लॅन अशा माणसाकडून बनवून घ्या ज्यानं आमचा फॉर्म वाचलाय, 112 सेंटीमीटरच्या मुलीला चालतील अशाच राईड टाका, प्रीमिअर ॲक्सेस कुठल्या राईडला घेणं खरंच गरजेचं आहे ते सांगा, दुपारी दीड दोन तास बसायला आणि लहान्याला झोपायला वेळ ठेवा. पार्कमध्ये व्हीलचेअर भाड्यानं मिळते, सासूबाईंसाठी ती कुठून आणि किती वाजता घ्यायची हे पण लिहून द्या.

सात दिवसांत लेखी उत्तर हवंय, फोन नको, कारण फोनवर बोललेलं नंतर कोणाला आठवत नाही असा तुमच्याकडचा अनुभव आहे. उत्तर आलं नाही तर फॉर्मची कॉपी, व्हाऊचर, जानेवारीचा तो मेल आणि व्हॉट्सॲपचे सगळे मेसेज घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे, कागद काढून ठेवलेत. या सगळ्याच्या कॉपी सोबत जोडल्यात, तुमच्या प्लॅनमधल्या चुका मी लाल पेननं गोल करून दिल्यात म्हणजे कोणाला शोधत बसायला नको.

आपली,
एक ग्राहक

सोबत: भरलेल्या फॉर्मची प्रत, व्हाऊचर, जानेवारीचा मेल, व्हॉट्सॲप मेसेज, चुका गोल केलेला प्लॅन