पाडव्याचं श्रीखंड आणि नाल्याचं पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रबाळे, महापे, पावणे या पट्ट्यातल्या नाल्यांविषयी आपल्याकडे अधूनमधून वाचकांची पत्रं छापून येतात. बहुतेकांचा समज असा दिसतो, की कारखान्यांकडे सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी यंत्रणाच नसते किंवा असली तरी विजेचं बिल वाचवायला ती बंद ठेवतात. असे महाभाग आहेत, नाही कशाला म्हणू? पण मी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका दुग्धपदार्थांच्या कारखान्यात ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, केमिस्ट म्हणून 22 वर्षं काढली. आमची यंत्रणा चांगली होती, रात्रंदिवस चालू होती आणि तरीही प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस ठरल्यासारखी यायची. कारखान्याचं नाव लिहीत नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून नव्हे, तर हेच दुखणं आसपासच्या कितीतरी फरसाण, सॉस आणि बिस्किटवाल्यांकडेही असतं म्हणून.

आमच्याकडे श्रीखंड व्हायचं. दह्यातून चक्का वेगळा झाला की जे पिवळसर पाणी उरतं, ते घरी आपण कणीक भिजवायला वापरतो. कारखान्यात ते हजारो लिटर निघतं. त्याची बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला जो प्राणवायू खातं त्याचं माप, लिटरला 30-40 हजार मिलिग्रॅमच्या घरात असते. नुसत्या दुधाची लाखाच्या आसपास. घरगुती सांडपाण्याची 200-300 असते आणि नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा आहे 30 ची. तेव्हा चक्क्याच्या पाण्याचा एक व्हॉल्व्ह चुकून उघडा राहिला तर काय होत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता पाडवा घ्या. पाडव्याआधी पंधरा दिवस आमचं उत्पादन दुपटी-तिपटीवर जाई. पाडवा कधी आहे हे भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्षभर आधी छापलेलं असतं. दूध खरेदीला कळवलेलं असे, पॅकिंगला कळवलेलं असे, टेम्पोच्या ठेकेदारालासुद्धा महिनाभर आधी निरोप जाई. ईटीपीला कुणी सांगत नसे. एअरेशन टाकीवर, म्हणजे जिथे हवा सोडून जिवाणूंकरवी पाणी साफ करतात त्या टाकीवर, पांढरा फेस चढला की आम्हाला कळायचं, श्रीखंड सुरू झालं.

त्या टाकीतले जिवाणू म्हणजे रोजच्या ठरावीक जेवणाची सवय असलेली माणसंच. एका रात्रीत दसपट वाढून ठेवलं तर त्यांचं पोट बिघडतं. वर पाइपलाइन धुतल्याचं कॉस्टिक सोड्याचं पाणी आलं की मग विचारूच नका. मी रोज लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास ठेवायचो. गाळ 300-400 मिलिलिटरच्या खुणेवर बसला की जिवात जीव येई. पाडव्याच्या सुमारास तो 900 वरून हलायचा नाही. मग तोच गाळ पाण्याबरोबर बाहेर. घडी परत बसायला दोन-तीन आठवडे लागायचे, आणि मंडळाची गाडी नेमकी त्याच दिवसांत सॅम्पल घ्यायला यायची.

नोटीस आली की कारखान्यात एकच उपाय सुचे, काहीतरी विकत आणायचं. एका वर्षी टाकीत हवा सोडणारा नवा ब्लोअर आला. एकदा तेल-तूप तरंगवून काढणारं यंत्र आलं. मंडळाकडे बँक गॅरंटी भरून झाली. मग मुंबईच्या मुख्य कार्यालयात ‘पर्यावरण कक्ष’ निघाला. त्या कक्षाचे साहेब माझ्याकडून दर महिन्याला आकडे मागवून घेत आणि रंगीत तक्ते करून परत मलाच पाठवत.

ईटीपी मेन्टेनन्सच्या हाताखाली होतं. मेन्टेनन्सच्या साहेबांची झोप बॉयलर आणि कंप्रेसरवर टांगलेली. पॅकिंगचं मशीन आणि आमचा पंप एकाच दिवशी बंद पडले तर फिटर कुठे जाणार हे ठरलेलंच. पाणी घाण करणारं खातं एक, निस्तरणारं दुसरं, आणि अधिकाऱ्यांपुढे फाइल घेऊन उभा राहणारा मी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आमचे ऑपरेटर तर ठेकेदाराची पोरं, कामात जरा मुरली की दुसरीकडे निघून जायची.

नंतर आलेल्या फॅक्टरी मॅनेजरांनी पहिले आठ-दहा दिवस काहीच केलं नाही. रात्रपाळीला माझ्याबरोबर टाकीच्या कठड्यावर बसून राहिले फक्त. मग एका सकाळी त्यांनी ईटीपी मेन्टेनन्सकडून काढून थेट स्वतःकडे घेतलं. उत्पादनाच्या आठवड्याच्या प्लॅनची एक प्रत मला येऊ लागली. चक्क्याच्या पाण्याला वेगळी टाकी केली, तिच्या व्हॉल्व्हला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. माझ्या सहीशिवाय थेंब सोडायचा नाही. ते पाणी पुढे जनावरांच्या खाद्यासाठी उचललं जाऊ लागलं. प्रत्येक विभागाच्या गटाराचं सॅम्पल वेगळं निघू लागलं, आणि सकाळच्या मिटिंगमध्ये उत्पादनाच्या टनांआधी ते आकडे वाचले जाऊ लागले. उत्पादन प्रमुखांच्या वार्षिक मूल्यमापनात त्यांच्या गटाराचा आकडा धरला गेला. दोन ऑपरेटर कायम झाले.

याचा त्रास कुणालाच झाला नाही असं नाही. उत्पादन प्रमुख दीड महिना माझ्याशी बोलत नव्हते. कँटीनमध्ये मी दिसलो की टेबल बदलायचे. पण स्वतःच्या नावापुढे आकडा लागल्यावर त्यांनीच शोधून काढलं, की टाक्या धुण्याआधी त्यांतला उरलेला माल निथळायला पाच मिनिटं दिली तरी बरंच दूध वाचतं. इतकी वर्षं ते गटारात जात होतं आणि त्याचे पैसे कुणाच्याच खात्यावर पडत नव्हते. पुढच्या पाडव्याला माझा गाळ 400 च्या खाली बसला. त्या वर्षी नवीन यंत्र एकही घेतलं नव्हतं.

1974 च्या जलप्रदूषण कायद्यात कलम 47 आहे. कंपनीकडून गुन्हा घडला तर तिच्या कारभाराला जबाबदार असणाऱ्या व्यक्तीला त्यात दोषी धरलं जातं. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात अधिकारी आले की पुढे केमिस्ट जातो, ज्याला साधा फिटर बोलावायचाही अधिकार नसतो. आमच्या इथलं पाणी शेवटी ठाणे खाडीलाच मिळतं. ही खाडी 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. म्हणून मंडळाला एक सुचवावंसं वाटतं. मंडळाचं संमतिपत्र घेतलेल्या उद्योगांना दर वर्षी 30 सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरावं लागतं. पाणी किती वापरलं, प्रदूषण किती सोडलं, पर्यावरणासाठी आणखी किती पैसे गुंतवणार, सगळ्याला त्यात जागा आहे. ईटीपी कोणत्या खात्याखाली आहे आणि रात्री दोन वाजता व्हॉल्व्ह बंद करायचा अधिकार कुणाला आहे, याला नाही. तेवढा एक रकाना वाढवावा.

आपला,
एक निवृत्त ईटीपी केमिस्ट,
कोपरखैरणे, नवी मुंबई