आल्फ्रेड यांचे रौप्यपदक ब्रिटिश नव्हे, जर्मन संस्थानाचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या पदकांविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ड्यूक आल्फ्रेड यांची मुखमुद्रा असलेले एक रौप्यपदक ब्रिटिश राजघराण्याचे म्हणून दाखवले आहे. आल्फ्रेड हे व्हिक्टोरिया राणीचे दुसरे चिरंजीव असल्याने तसा समज होणे साहजिक आहे. परंतु हे गुणगौरव पदक सॅक्स-कोबुर्ग आणि गोथा या जर्मन संस्थानाचे असून, तेथील ड्यूक, म्हणजे राज्यकर्ते, या नात्यानेच त्यावर आल्फ्रेड यांची मुद्रा आहे.

सॅक्स-कोबुर्ग-गोथा, सॅक्स-आल्टेनबुर्ग आणि सॅक्स-मायनिंगेन या तीन संस्थानांच्या ड्यूकांनी १८३३ मध्ये मिळून अर्नेस्टाइन घराण्याचा एक सामाईक सन्मान सुरू केला. ग्रँड क्रॉसपासून उतरत जाणाऱ्या त्याच्या श्रेणींत रौप्यपदक सुवर्णपदकाच्याही खाली होते. ते कनिष्ठ सेवकांपर्यंत पोहोचणारे होते, म्हणूनच मला ते वरच्या श्रेणींच्या झगमगाटापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

दर्शनी बाजूला त्या त्या वेळच्या ड्यूकची मुद्रा असल्याने पदकाचा काळ ठरवता येतो. काका अर्न्स्ट दुसरे हे निपुत्रिक वारल्याने आल्फ्रेड १८९३ मध्ये गादीवर आले आणि जुलै १९०० मध्ये त्यांचेही निधन झाले. त्यामुळे त्यांची मुद्रा असलेली पदके या सात वर्षांच्या राजवटीतली. अर्न्स्ट या नावाची पदके मात्र सहज घोटाळ्यात टाकतात, कारण कोबुर्गप्रमाणेच आल्टेनबुर्गच्या गादीवरही १९०८ ते १९१८ या काळात एक अर्न्स्ट दुसरे होते आणि फीतही तीच, किरमिजी रंगाची व कडांना हिरवे पट्टे असलेली. तेथे चेहरा आणि भोवतालची अक्षरे बारकाईने पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश रौप्यपदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. या जर्मन पदकावर मानकऱ्याचे नाव सहसा नसते. सोबतची सनद गहाळ झाली की ते कोणाला आणि कोणत्या सेवेबद्दल मिळाले, हे सांगणारे पदकावर काहीच उरत नाही.

आल्फ्रेड यांचा मुंबईशी आलेला संबंध मात्र खरा आहे. एडिंबरोचे ड्यूक म्हणून ते येथे आले असता १८७० मध्ये त्यांच्या हस्ते सेलर्स होमची पायाभरणी झाली. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची देणगी लाभलेली ती इमारत म्हणजे आजचे राज्य पोलीस मुख्यालय. पण हा प्रसंग त्यांना जर्मन गादी मिळण्याच्या तेवीस वर्षे आधीचा असल्याने पदकाशी त्याची सांगड घालता येणार नाही.

कृपया छायाचित्राखालील ओळ दुरुस्त करावी. तसेच ज्यांच्याकडे असे पदक असेल त्यांनी ते घासूनपुसून चकचकीत करू नये, फीत बदलू नये आणि केवळ चांदीच्या वजनावर ते मोडीत घालू नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे